कुठं बघितलंस?

निपाणीत कुणाचाही सत्कार असला, की बाई तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची धरत आणि डाव्या मुठीत चिंचोके घेऊन बसत. वक्ता बोलायला उठला की त्यांचं काम सुरू व्हायचं. वक्ता 'दीपस्तंभ' म्हणाला, की एक चिंचोका डाव्या मुठीतून उजव्या मुठीत जायचा. 'ज्ञानाचा महासागर' म्हणाला, की दुसरा. 'चालतंबोलतं विद्यापीठ' आलं की त्या दोन सरकवत, कारण त्यात बोलणाऱ्याचा आळससुद्धा धरायला पाहिजे असं त्यांचं मत होतं. शेवटी चहाचा कप हातात आला की शेजारी असेल त्याला त्या निकाल सांगत, "आज एकवीस झाले. मागच्या खेपेचा पाहुणा बरा. चौदात आवरलं त्यानं."

बाई म्हणजे आमच्या हायस्कुलातल्या मराठीच्या बाई. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते. पुढं सहा वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मीही मराठीच शिकवलं. मूळच्या त्या येळ्ळूरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्न केलं नाही. निपाणीत एक खोली भाड्यानं घेऊन राहायच्या आणि शनिवारची शाळा सुटली की बेळगावची बस धरायच्या. अंगावर सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, दुसरं काही नाही. अलंकार शिकवणाऱ्या बाईच्या अंगावर एक दागिना नाही, हा विनोद गावात इतक्या लोकांनी इतक्या वेळा केलाय, की मी तो परत करत नाही. छत्री मात्र बारा महिने हातात. पावसातसुद्धा ती उघडत नसत, कारण ती मोडलेली होती.

उपमा, रूपक, उत्प्रेक्षा वगैरे मंडळींची आणि आमची ओळख पुस्तकातून झाली नाही. आठवीच्या पहिल्या तासाला बाई आल्या, पुस्तक टेबलावर पालथं घातलं आणि म्हणाल्या, "काल घरात कोण काय बोललं, ते सांगा."

आम्ही एकमेकींकडं बघितलं. घरातलं बोलणं हा काय अभ्यास असतो? पण एकीनं धीर केला. "माझी आज्जी म्हणाली, लई उकडतंय, चुलीत बसल्यागत झालंय."

"ही उपमा. म्हातारीला एवढ्या जवळनं चूल ठाऊक हाय म्हणून तिला उपमा द्यायचा अधिकार हाय. बस खाली. पुढची?"

दुसरीचे वडील म्हणाले होते, हे घर न्हाय, बस स्टँड हाय. बाईंनी फळ्यावर लिहिलं: अपन्हुती. म्हणजे जे आहे ते नाही म्हणायचं आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी ठोकून द्यायचं. कुणाचा काका म्हणाला होता, मोटार रुसून बसलीय विहिरीवर, पाणीच देईना. ती चेतनगुणोक्ती. कुणाची आजी सुनेला म्हणाली होती, "काय गं बाई गुणाची माझी सून, आठ वाजता उठली!" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. ही व्याजस्तुती, म्हणाल्या, वरून साखर आणि आत मिरची. आणि हजार वेळा सांगितलं, जीव जायची वेळ आली, डोकं फुटायची पाळी आली, ही सगळी अतिशयोक्ती तर इतकी निघाली की फळा पुरला नाही. घंटा झाली तेव्हा आम्हाला कळलं, की आमच्या घरात सगळी माणसं सकाळपासून अलंकारातच बोलतात आणि कुणालाच त्याचा पत्ता नसतो.

तेव्हापासून आम्हाला खोड लागली. आई रागवायला लागली की आम्ही मनात नाव शोधायचो. एकदा मी तोंडानं बोलले आणि लाटणं खाल्लं.

बाई ही खोड शाळेबाहेरही सांभाळून होत्या. चिकोडीच्या बसमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती आणि कंडक्टर दारातून ओरडत होता, "मुंद होग्री, खाली ऐति!" पुढं सरका, मोकळंच आहे. बाईंनी तिकीट घेता घेता त्याला कन्नडमध्ये सांगितलं, की ही अतिशयोक्ती उलट्या बाजूनं आहे, चांगली आहे, पण रोज तीच वापरू नये. त्यानं त्यांना चेकर समजून बसायला जागा करून दिली.

त्यांचा कायदा एकच होता. जे डोळ्यानं पाहिलं नाही त्याची उपमा द्यायची नाही. वहीत कुणी 'समुद्रासारखं' लिहिलं, की लाल पेन यायचं आणि वर्गात सगळ्यांसमोर प्रश्न यायचा, "कुठं बघितलंस?" समुद्र बघितलेला नसायचा. हंस, हिमालय, चातक, काहीच बघितलेलं नसायचं. वर्ग हसायचा. या प्रश्नावर हसायचं असतं, ही आमच्या वर्गाची रीतच झाली होती. मी आज शिकवताना हा कायदा पाळत नाही, मुलं दुखावतात. पण लिहायला बसले की माझा हात अजून अडतो.

नववीत बाईंनी 'माझी आई' हा निबंध दिला. आम्ही सगळ्यांनी तो एकाच गाइडमधून उतरवला. बाईंनी वह्या तपासल्या आणि गठ्ठा टेबलावर आपटला. "एका वर्गात अठ्ठावीस कल्पवृक्ष! निपाणीत कुठल्या गल्लीत हाईत गं हे? कुठं बघितलंस?" मग म्हणाल्या, "आठ दिवस देते. निबंध लिहू नका. आईकडं नुसतं बघा. बघून झालं की लिहा. एकही उपमा चालणार न्हाय."

माझी आई विड्या वळायची. आमच्या वस्तीत विहारासमोरच्या कट्ट्यावर पाच-सहा बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या, त्यातली एक. मी चौदा वर्षं तिच्याजवळ राहत होते आणि त्या आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. लिहिलं ते असं: आई पान कातरते, तंबाखू भरते, गुंडाळते, दोरा बांधते. तोंडानं बोलत असते, हात थांबत नाहीत. उजव्या अंगठ्याचं नख ती कापत नाही, कारण त्यानं विडीचं तोंड मुडपायचं असतं. हात कितीही धुतले तरी वास जात नाही, म्हणून धाकट्या भावाला भरवायला ती मला सांगते. तो जेवत असताना ती लांबून बघते.

आठ दिवसांनी तासाला माझं नाव आधी आलं. मी उभी राहून वाचलं. बाईंनी वही मागितली, लाल पेन काढलं आणि खाली एकच शब्द लिहिला: स्वभावोक्ती. मग फळ्याकडं वळून म्हणाल्या, "हा सगळ्यात अवघड अलंकार. जे जसं आहे तसं सांगायचं. न वाढवता, न झाकता. परीक्षेत हा कुणी विचारत न्हाय, कारण ह्याचं उदाहरण पाठ करता येत न्हाय."

मला गुण मिळाले नव्हते, पण मी तरंगत घरी गेले. आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, बाईनं खाली काय लिवलंय? मी म्हणाले, जसं हाय तसं लिवलंय म्हणून. "वासाचं कशाला लिवलंस गं?" एवढंच म्हणाली आणि परत सूप घेऊन बसली. मला वाईट वाटलं. खरं लिहिल्यावर ज्याचं लिहिलं त्याला काय वाटतं, हे बाईंनी शिकवलं नव्हतं.

त्या तासाला माझ्यानंतर आणखी एक वही उघडली होती. तिच्याबद्दल मी पुढं वीस-बावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.

बाई निवृत्त व्हायचं वर्ष आलं. आमच्याकडं निवृत्तीला शाल, श्रीफळ आणि काचेच्या फ्रेममधलं मानपत्र ठरलेलं. हेडमास्तर मला म्हणाले, "तू त्यांची विद्यार्थिनी. मानपत्र तू लिही, तूच वाच." मी हो म्हणाले. समोर कोण बसणार, मुठीत काय असणार, ते मला दिसत होतं. त्यात माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. तो कागद संस्थेच्या चेअरमनांच्या सहीसाठी थांबला होता, आणि चेअरमनांना मानपत्रं फार आवडत. त्यांची स्वतःची त्यांच्या बैठकीच्या खोलीत तीन भिंती भरून होती.

बाईंनीही एक दिवस डबा खाताना हळूच विचारलं, "मानपत्र तू लिवणार म्हणं?"

"व्हय बाई."

"जन्मभर दुसऱ्यांचं लिवलेलं तपासलं बघ. माझ्यावर कुणी खरं लिवलेलं एकदा वाचायचंय मला. तेवढं कर." एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला. बाईंनी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला ते साधायचं होतं.

मी एक पान लिहिलं. बाई दहाला पाच मिनिटं कमी असताना शाळेत येतात. मोडकी छत्री आणतात. पोरींना मारत नाहीत, पण त्यांनी 'कुठं बघितलंस?' विचारलं की मारलेलं बरं वाटतं. त्यांनी अलंकार घरातल्या बोलण्यातून शिकवले. माझ्या निबंधाला त्यांनी गुण दिले नाहीत, नाव दिलं. मग पोरींच्या आठवणी, शनिवारची बस, असंच आणखी काही.

हेडमास्तरांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि चष्मा कपाळावर नेला. "हे मानपत्र हाय का पंचनामा? छत्री मोडकी, हे फ्रेममध्ये लावायचं? चेअरमन काय म्हणतील?"

"सर, बाईंना असंच आवडंल."

"बाई घरी जाणार. आपण हितंच राहणार." त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. "तू वाच फक्त. मजकुराचं मी बघतो."

हेडमास्तरांनी जे बघितलं ते असं. मेन रोडवर एक फ्रेमवाला आहे, त्याच्याकडं मानपत्राचे मजकूर तयार असतात. शिक्षक, डॉक्टर, सरपंच, पतसंस्था, ज्याला जो लागेल तो. नाव सांगायचं, दुसऱ्या दिवशी फ्रेम न्यायची. गावातली निम्मी मानपत्रं तिथलीच. हेडमास्तरांनी फोनवरून बाईंचं नाव सांगितलं आणि म्हणाले, नेहमीचंच टाक. फ्रेमवाल्यानं त्या दिवशी शेवटचं जे केलं होतं तेच नेहमीचं समजून टाकलं. ते होतं एका साखर कारखान्याच्या माजी अध्यक्षांचं.

फ्रेम रंगीत कागदात गुंडाळून थेट व्यासपीठावर आली. कागद फाडून ती माझ्या हातात दिली तेव्हा मी मजकूर पहिल्यांदा बघितला. डावीकडं चेअरमन, उजवीकडं हेडमास्तर, समोर तीनशे माणसं. आज सत्कारमूर्ती म्हणून बाई पहिल्या रांगेत होत्या आणि त्यांची डावी मूठ मिटलेली होती. माझ्या पर्समध्ये माझा कागद होता. फ्रेम खाली ठेवून तो काढायला किती वेळ लागला असता? मी काढला नाही. मी भ्यायले. वाचायला सुरुवात केली.

"आपण सहकाराच्या रणांगणातील ढाण्या वाघ आहात. आपल्या एका शब्दासरशी साऱ्या तालुक्याचा ऊस गाळपाला येतो. शेतकऱ्यांच्या बांधावर आपण कल्पवृक्षासारखे उभे राहिलात..."

सगळा मजकूर आदरार्थी असल्यामुळं बाई का बुवा हा प्रश्न कुठं फारसा अडला नाही. मी मान वर करून बघितलं. कुणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. चेअरमन मान डोलावत होते. हेडमास्तर फोटोवाल्याला खुणा करत होते. मानपत्र ऐकायचं नसतं, संपल्यावर टाळ्या वाजवायच्या असतात, हे आमच्या गावाला पक्कं ठाऊक आहे. ऐकत होत्या त्या एकट्या बाई. दुसऱ्या परिच्छेदाला त्यांचे डाव्या मुठीतले चिंचोके संपले. मग त्या उजवीतून परत डावीत टाकायला लागल्या. साखरेच्या उताऱ्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि माझ्याकडं बघत राहिल्या. टाळ्या कडकडून झाल्या.

सत्काराला उत्तर द्यायला बाई उठल्या. माइक जवळ ओढला. "माझ्याबद्दल आत्ता जे वाचलं, त्यातलं माझं नाव बरोबर आहे. सगळ्यांची आभारी आहे," म्हणाल्या आणि खाली बसल्या. लोकांना वाटलं, बाईंचा गळा दाटून आला.

पांगापांग झाल्यावर मी पायऱ्यांजवळ त्यांना गाठलं. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "हे तू लिवलेलं न्हाय. तुझं कुठाय?"

मी पर्सला हात घातला.

"हितं नगं. येळ्ळूरला घेऊन ये."

पंधरा दिवसांनी माझी नोकरी कायम झाली आणि त्याच रविवारी मी येळ्ळूरला गेले. बाई भावाच्या घरी राहत होत्या. सोप्यात शिरल्या शिरल्या समोर ती फ्रेम. त्यांचे धाकटे भाऊ मला कौतुकानं म्हणाले, "बघा की, आक्कानं एवढं काम केलंय, ऊस बी गाळलाय, आम्हांस्नी कधी बोलली न्हाय!" ते चेष्टा करत होते की खरंच बोलत होते, मला आजवर कळलेलं नाही. बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. परसात दोन खुर्च्या टाकल्या, माझा कागद घेतला आणि लाल पेनचं टोपण काढलं.

पहिल्यांदा 'मारलेलं बरं वाटतं' यावर रेघ आली. "मी तुला कवा मारलंय? ज्याचा अनुभव न्हाय त्याच्याशी तुलना करू नगं." छत्रीखाली बरोबरची खूण आली. निबंधाच्या वाक्याशी पेन थांबलं. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग पानाच्या तळाशी लिहिलं: अपूर्ण.

"काय राहिलं बाई?"

"त्या तासाला तुझ्यामागनं कोण वाचलं?"

परसात कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज तेवढा येत होता.

"तू तिच्याच बाकावर होतीस. तुला ठाऊक हाय. मी चांगलं काय केलं ते सगळं लिवलंस आणि ते तेवढं झाकलंस. मग त्या साखरवाल्यात आणि तुझ्यात फरक काय? तो वाढवतोय, तू झाकतीयास." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं हुतं, तू तरी लिवशील."

ती मुलगी सदलग्याची होती. आई लहानपणी गेलेली, म्हणून मामानं शाळेला निपाणीत आणलेली. वर्गात तिला सगळे 'सदलगी'च म्हणत. बोलायची कमी. माझ्यानंतर तिनं उभं राहून वाचलं, की माझी आई सावलीसारखी माझ्या पाठीशी असते. बाई खाली माझी वही बघत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "सावलीसारखी? कुठं बघितलंस?" ती म्हणाली, "मला आई न्हाय बाई. मामी सांगती तसं लिवलंय." आणि बाई म्हणाल्या, "मग जे बघितलं न्हाय ते लिवायचं न्हाय. बस खाली."

बाई काही दुष्ट नव्हत्या. कायदा आधी बोलला आणि बाई मागून पोचल्या. त्या पोचल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडला, तो मला दिसला. पण तोवर वर्ग हसून मोकळा झाला होता. दुसऱ्या दिवशी ती शाळेला आली नाही. पुढं कधीच आली नाही, सदलग्याला बापाकडं परत गेली.

"मी सदलग्याला गेलते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच रविवारी. बापानं चहा दिला. ती आतनं भाईर आलीच न्हाय. मला तिला काय सांगायचं ते धड जमवता बी आलं नसतं म्हणा. सगळे अलंकार पाठ, आणि चुकलं म्हणायला तोंड उघडंना. परत गेले न्हाय." त्यानंतर त्यांनी 'माझी आई' हा निबंध कुठल्याही वर्गाला दिला नाही. त्याऐवजी 'आमची चूल' द्यायच्या. सहा वर्षं शेजारी बसून मी ते बघत होते आणि कारण माहीत असून विचारलं नव्हतं.

मी कागद परत आणला. चार ओळी वाढवायला मला महिना लागला. बाईंचं वाक्य लिहिणं सोपं होतं. शेवटची ओळ लिहायला वेळ लागला, कारण ती बाईंबद्दल नव्हती. वर्ग हसला. मीही हसले.

येळ्ळूरला जाऊन ते वाचून दाखवलं. बाईंनी शेवटची ओळ परत वाचायला लावली. मी पेनची वाट बघत होते. त्यांनी पेन काढलंच नाही. "खरं का खोटं, हे मी कोण ठरवणार?" म्हणाल्या. "जिचं हाय तिनं ठरवायचं. रविवारी येतीस का संगट?"

रविवारी आम्ही निपाणीच्या स्टँडवर भेटलो. चिकोडीला बस बदलली. गाडी गच्च होती आणि कंडक्टर ओरडत होता, मुंद होग्री, खाली ऐति. बाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. खिडकीशी बसून छत्री दोन्ही हातांनी धरली होती. सदलग्यात विचारत विचारत घर सापडलं. तिचं लग्न गावातच झालेलं होतं. दारातच शिलाई मशीन, भोवती ब्लाउजांच्या चिंध्या. तिनं आम्हाला लगेच ओळखलं. मला आधी, मग बाईंना. उठली नाही, पण पाय मशीनवरून काढले.

बाई उंबऱ्याबाहेर उभ्याच राहिल्या. "माझ्यावर हिनं लिवलंय," म्हणाल्या. "त्यात तू हाईस. बरोबर हाय का, तेवढं बघ. खोटं असलं तर खोड."

तिनं हात झटकले, कागद घेतला आणि ओळीखाली बोट धरून वाचला. सावकाश. एका जागी बोट थांबलं, परत मागं गेलं. बाईंची डावी मूठ मिटलेली होती, पण मला वाटतं ती रिकामी होती. बाजूच्या घरात रेडिओवर कन्नड बातम्या चालल्या होत्या. मला पळून जावंसं वाटत होतं. बाई हलल्या नाहीत.

"व्हय," ती म्हणाली. "असंच झालतं."

बाईंनी श्वास सोडला. तो मला ऐकू आला.

"एक राहिलंय खरं." तिनं कागद माझ्याकडं केला. "बाकावर मी भिंतीकडं बसलेली. ही भाईरच्या अंगाला. मला रडू फुटलं, भाईर जायचं हुतं. हिला मी म्हटलं, जरा उठ गं. ही उठली न्हाय. घंटा हुईस्तवर मी तितंच बसले." तिनं ते रागानं सांगितलं नाही. ब्लाउजाचं माप चुकलंय, एवढ्याच सुरात सांगितलं.

मला ते आठवत नव्हतं. आणि ती बोलत असतानाच आठवलं. बाईंनी परत दिलेली माझी वही बाकावर उघडी होती, त्यावरचा लाल शब्द मी परत परत वाचत होते.

बाईंनी पिशवीतून लाल पेन काढलं आणि टोपण काढून माझ्या हातात दिलं. सदलगीनं मशीनची फळी मोकळी करून दिली. त्या फळीवर कागद ठेवून मी शेवटच्या ओळीखाली लिहिलं: ती भिंतीकडे बसली होती. ती उठ म्हणाली. मी उठले नाही.